वहीभर लाल शाई, तरी त्याच चुका: शुद्धलेखन कसे शिकवावे?

मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला शिकविणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. वर्गात 48 मुले आहेत. रोज दहा ओळी शुद्धलेखन असते, दर शनिवारी श्रुतलेखन असते, आणि प्रत्येक वही लाल शाईने तपासून परत दिली जाते. तरीही जूनमध्ये होणाऱ्या चुका मार्चमध्ये जशाच्या तशा असतात आणि निबंध लिहायला सांगितला की बरीचशी मुले आठ ओळींत आटोपतात. कष्ट कमी पडत नसतील, तर मग चुकते कुठे?

तीस वर्षे मी मुंबईच्या शाळांमध्ये मराठी शिकविले आणि नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम केले. त्या अनुभवावरून सांगते की कष्ट कमी पडत नाहीत. ते मुलाच्या हातावर खर्च होतात आणि त्याच्या विचारापर्यंत पोहोचत नाहीत. मराठीचे लेखन बऱ्याच अंशी सकारण आहे आणि ती कारणे सहावीच्या मुलाला समजण्याइतकी सोपी आहेत, परंतु आपण ती सांगत नाही. आपण फक्त 'इथे दुसरी वेलांटी' असे सांगतो आणि मूल तेवढ्या एका शब्दापुरते ते मान्य करते.

प्रथम त्या रोजच्या दहा ओळींविषयी. आपल्या शाळांत 'शुद्धलेखन' या शब्दाला दोन अर्थ चिकटले आहेत. एक, नियमांनुसार लिहिणे, आणि दुसरा, पुस्तकातला उतारा वहीत उतरवून काढणे. दुसऱ्या कामातून पहिले साधेल, अशी आपली समजूत आहे. एका पाचवीच्या मुलाशेजारी बसून मी हे उतरवणे संपूर्ण पाहिले होते. तो पुस्तकाकडे पाहून 'ग' लिहायचा, पुन्हा मान वळवून 'री' पाहायचा, ते लिहून झाले की 'ब' पाहायचा. अशा रीतीने 'गरीब' हा शब्द त्याने त्या पानावर चार वेळा बिनचूक उतरवला. पुस्तक मिटवून वहीच्या मागच्या पानावर तोच शब्द लिहायला सांगितला, तेव्हा त्याने 'गरिब' लिहिले. त्याने गरीब हा शब्द एकदाही लिहिलेला नव्हता. त्याने तीन सुटी अक्षरे चार वेळा काढली होती. अक्षर वळणदार होण्यासाठी उतरवण्याचा उपयोग आहे आणि पहिली-दुसरीत तो हवाच. पाचवीच्या पुढे मात्र दहा ओळींऐवजी दोन वाक्ये द्यावीत: मुलाने वाक्य नीट पाहावे, पुस्तक झाकावे, आठवून लिहावे आणि मग शब्दाला शब्द लावून पडताळावे. आठवताना जिथे मूल अडखळते, तिथेच त्याचे शिकणे सुरू होते. वेळ निम्म्याहून कमी लागतो.

दुसरी समजूत याहून जुनी आहे. 'मराठी जशी बोलतो तशी लिहितो, म्हणून नीट ऐकले की नीट लिहिता येते,' असे आपण मुलांना सांगतो. हे अर्धेच खरे आहे. काना, मात्रा आणि बहुतेक व्यंजने यांच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु 'चाक' आणि 'चित्र' यांतला च वेगळा उच्चारला जातो तरी एकच अक्षर लिहिले जाते, आणि 'श' व 'ष' यांतला फरक बोलण्यात आता जवळजवळ उरलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तर केवळ कानावर विसंबून चालतच नाही. दैनंदिन व्यवहाराचे मराठी शतकानुशतके मोडी लिपीत लिहिले गेले आणि मोडीत ऱ्हस्व व दीर्घ इकारासाठी सामान्यतः एकच खूण होती. कामकाजाचे त्यामुळे काही अडले नाही. म्हणूनच वेलांटी चुकली की मूल निष्काळजी आहे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याच्या कानाला जे पुरेसे ऐकू येत नाही, ते त्याला दुसऱ्या वाटेने समजावून द्यावे लागते.

ती वाट म्हणजे शब्दातील जागा. सध्याचे लेखनविषयक नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले आणि शासनाने स्वीकारले. 1962 साली 14 आणि 1972 साली आणखी 4, असे एकूण 18 नियम आहेत. ते शिक्षकाने वाचलेच पाहिजेत, परंतु मुलांसमोर ते क्रमाने मांडणे म्हणजे पोहायला शिकवताना पाण्याचे गुणधर्म सांगण्यासारखे आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांमागची मुख्य प्रवृत्ती एकच आहे. मराठी शब्दाच्या शेवटी आलेला इकार किंवा उकार लांबतो, म्हणून कवी, पाटी, गुरू, लाडू. शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर तो शेवटचा अ आपण उच्चारत नाही आणि त्याच्या लगेच आधीचा इकार-उकार लांबतो, म्हणून वीट, फूल, गरीब, वसूल. इतर ठिकाणी तो आखडतो, आणि त्याच्यापुढे अनुस्वार किंवा जोडाक्षर आले तरी आखडतो, म्हणून किती, पुढे, चिंच, कुस्ती. एवढे समजले की मुलाला आपल्या रोजच्या शब्दांपैकी फार मोठा भाग हाताळता येतो. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' अशी काही अव्यये शेवटी ऱ्हस्व राहतात. ती मोजकी आहेत, सरळ पाठ करून घ्यावीत.

हे शिकवण्यासाठी मुंबईच्या मुलाजवळ घरबसल्या उत्तम साहित्य आहे, ते म्हणजे लोकलची स्थानके. मी वर्गाला स्थानकांची नावे आठवायला सांगत असे आणि मुले सांगतील तशी ती फळ्यावर लिहीत असे, परंतु वेलांटी आणि उकाराची जागा रिकामी ठेवून. मग चर्चा सुरू होई. शीव, माहीम, चेंबूर, नाहूर ही नावे एका रांगेत येत, कारण शेवटचे अक्षर अकारान्त आणि त्याच्या लगेच आधी इकार किंवा उकार, सगळी दीर्घ. मुलुंड, माटुंगा, चिंचपोकळी आणि खुद्द मुंबई ही दुसऱ्या रांगेत, कारण पुढे टिंब आहे, सगळी ऱ्हस्व. कुर्ला, मानखुर्द आणि विक्रोळी यांच्यात पुढे जोडाक्षर आहे. शिवडी, दहिसर आणि चुनाभट्टी यांच्यात इकार-उकार शेवटापासून दूर आहे. बोरिवली या एकाच नावात दोन्ही गोष्टी दिसतात, मधली वेलांटी पहिली आणि शेवटची दुसरी. एकदा एका मुलीने विचारले, 'बाई, मग भांडुप ऱ्हस्व का?' हा प्रश्न मी अनेक वर्षे जपून ठेवला आहे, कारण ज्या मुलाला अपवाद दिसतो त्याला नियम कळलेला असतो. विशेषनामे रूढीने चालत आली तशी लिहिली जातात, एवढेच उत्तर त्याला पुरते.

याच स्थानकांतून पुढचा धडाही निघतो. 'शीव' म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेटाची साष्टी या शेजारच्या बेटाकडची हद्द तिथे होती, म्हणून ते नाव. त्या हद्दीवर कोणी उभा असेल, तर तो 'शिवेवर' उभा आहे असे आपण लिहितो आणि शी ची शि होते. फूल, परंतु फुलाला. वीट, परंतु विटेवर. सून, परंतु सुनेने. वकील, परंतु वकिलांकडे. दूध, परंतु दुधात. प्रत्यय लागला की तो इकार-उकार शेवटापासून दूर ढकलला जातो आणि आखडतो. लाकूड, बेरीज अशा काही शब्दांत तर तो नाहीसाच होतो: लाकडाला, बेरजेत. नियम वेगळा सांगावा लागत नाही, आधीच्याच गोष्टीचा तो परिणाम आहे. गावांची नावे मात्र सहसा आपले रूप सोडत नाहीत, त्यामुळे आपण चेंबूरला आणि नागपूरला जातो. सहावीच्या वह्यांत मला सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी आढळल्या: 'फूलांचा हार', 'दूधाची पिशवी', 'गरीबांना मदत'. मूळ शब्द मुलाने बरोबर पाठ केलेला असतो आणि म्हणूनच ते चुकते. ज्या यादीत शब्द सुटे, प्रत्यय न लावता दिलेले असतात, ती यादी पाठ करून घेणे अशा वेळी नुकसानच करते. शब्द नेहमी जोडीने द्यावा: चूक आणि चुकीचा, मूल आणि मुलाला, जमीन आणि जमिनीवर.

आता अडचणीकडे येते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, अगदी शेवटचा इकार-उकार सोडला तर या जागेच्या हिशेबाला बांधलेले नाहीत. गुण, विष, मधुर, मंदिर, कुसुम यांत शेवट अकारान्त असूनही आधीचा स्वर ऱ्हस्वच राहतो. सूर्य, पूर्ण, मूर्ती यांत पुढे जोडाक्षर असूनही तो दीर्घ राहतो. शरीर आणि गीत प्रत्यय लागला तरी शरीराला, गीतात असेच राहतात. वरचा नियम शिकवल्यानंतर पुढच्याच आठवड्यात मुले 'सुर्य' आणि 'मंदीर' लिहू लागतील, हे गृहीत धरावे. ती चूक शिकण्याच्या वाटेवरची आहे. मुलाने नियम लावला, तो चुकीच्या ठिकाणी लावला, एवढेच.

परंतु हा शब्द तत्सम आहे हे सहावीच्या मुलाने ओळखायचे कसे? त्याला संस्कृत येत नाही, आणि 'तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहावेत' हे वाक्य त्याच्या काहीच कामाचे नाही. माझ्या अनुभवात एकच उपाय चालला, तो म्हणजे शब्दांची कुटुंबे एकत्र बसवणे. 'परीक्षा' हा शब्द घ्या. परिसर, परिवार, परिणाम यांत 'परि' ऱ्हस्व, मग परीक्षेतच दीर्घ का? कारण तिथे परि आणि ईक्षा असे दोन शब्द मिळाले आहेत. ईक्षा म्हणजे पाहणे. तेच पाहणे निरीक्षणात आहे, समीक्षेत आहे, प्रतीक्षेत आहे. प्रतिसाद आणि प्रतिनिधी ऱ्हस्व, प्रतीक्षा दीर्घ. अधिकारी ऱ्हस्व, अधीक्षक दीर्घ. हे सांगितल्यानंतर एका मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की त्याच्या स्थानकावरच्या 'स्टेशन अधीक्षक' या पाटीवर दुसरी वेलांटी आहे. ती पाटी तो तीन वर्षे रोज पाहत होता. त्याचप्रमाणे महत्त्व या शब्दात दोन त का, हे महत् आणि त्व अशी फोड करून दाखवले की तत्त्व आणि व्यक्तिमत्त्व आपोआप सुटतात, आणि नेतृत्व, मातृत्व यांत एकच त का, हेही कळते. उज्ज्वल मधला दुसरा ज तसाच, उत् आणि ज्वल यांच्या मिळण्यातून आलेला.

प्रत्ययांची कुटुंबे तर याहूनही सोपी आहेत. सामाजिक, स्थानिक, नागरिक, मासिक या तत्सम शब्दांचा शेवट नेहमी ऱ्हस्व 'इक'. भारतीय, शासकीय, माननीय यांचा शेवट नेहमी दीर्घ 'ईय'. लिखित, शिक्षित यांचा 'इत' ऱ्हस्व. बारीक आणि ठीक हे त्या कुटुंबातले नव्हेत, म्हणून ते नेहमीच्या मराठी नियमाने दीर्घ. अशी दहा-बारा कुटुंबे वर्षभरात भिंतीवर लागली आणि मुलांनीच त्यांत वर्तमानपत्रातून, बसवरच्या सूचनांतून नवे शब्द भरले, तर वर्षअखेर त्या भिंतीवर जमलेले शब्द कोणत्याही पाठांतराच्या यादीपेक्षा अधिक असतात. प्राणी परंतु प्राणिसंग्रहालय, वस्तू परंतु वस्तुसंग्रहालय, आणि राणी मात्र समासातही राणीच, हा नियम मी सहावीत शिकवत नाही. बाहेरच्या पाट्यांवरच तो इतका पाळला जात नाही की लहान मुलाचा गोंधळ वाढतो. नववीपर्यंत थांबावे.

मुंबईच्या वर्गाची एक अडचण पुण्या-साताऱ्याच्या वर्गाला इतक्या तीव्रतेने जाणवत नसावी, ती म्हणजे एकच लिपी आणि दोन लेखनपद्धती. आपली मुले हिंदीही देवनागरीतच वाचतात, घराबाहेर तर मराठीइतकीच किंवा अधिक वाचतात. हिंदीत कवि, शक्ति, बुद्धि, गुरु, वस्तु हे शब्द ऱ्हस्वान्त लिहितात. मराठीत कवी, शक्ती, बुद्धी, गुरू, वस्तू. हिंदीत 'दूसरा', मराठीत 'दुसरा'. हिंदीत 'फूलों', मराठीत 'फुलांना'. मराठीच्या तासाला ज्या शब्दावर लाल खूण होते, तोच शब्द पुढच्या तासाला हिंदीच्या बाई बरोबर ठरवतात, आणि या दोघी आपसांत कधी बोलतच नाहीत. मी एका शाळेत हिंदीच्या शिक्षिकेसह एकच तक्ता केला होता, डावीकडे मराठी आणि उजवीकडे हिंदी, आणि दोन्ही तासांना तोच वापरला. मुलांना ते दोन भाषांचे दोन वेगळे संकेत म्हणून दिसले आणि 'यांतले खरे कोणते' हा प्रश्न मिटला. महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, आणि 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचे झाले आहे. त्यामुळे हिंदी, गुजराती किंवा उर्दू घरांतून आलेल्या मुलांना मराठी लिहायला शिकवणे हे आता जवळजवळ प्रत्येक मराठी शिक्षकाचे काम आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला लिपीच नवी असते. त्याच्या चुका या यादीत मोजूच नयेत.

घरच्या बोलीविषयीही मला कळकळीने सांगायचे आहे. आगरी-कोळी घरातले मूल 'पानी' आणि 'डोला' म्हणते, कारण त्याच्या बोलीत ण आणि ळ तसे येत नाहीत. त्याच्या वहीत 'पानी' दिसले की आपण त्याभोवती लाल गोल करतो आणि वर 'अशुद्ध' म्हणतो. त्या मुलाची आई, आजी, सगळा कोळीवाडा तसे बोलतो. आपण एका शब्दाने त्या सर्वांना अशुद्ध ठरवतो. मी वर्गात 'शुद्ध-अशुद्ध' हे शब्द वापरणे सोडून दिले आणि 'घरी म्हणतो' व 'वहीत लिहितो' असे दोन रकाने केले. मूल दोन्ही रकाने भरते. घरचा रकाना खोडायचा नसतो. नियमही काही आभाळातून पडलेले नाहीत, हे मुलांना दाखवावे. 1962 च्या आधी छापलेले एखादे पुस्तक वर्गात आणावे. त्यात 'नाहीं', 'कांहीं', 'पांच', 'केलें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरलेले असतात. आपल्या पणजोबांनी त्या टिंबांसाठी छड्या खाल्ल्या आणि आता ती लिहिणे चूक आहे, हे कळल्यावर मुले नियमांकडे अधिक मोकळेपणाने आणि खरे तर अधिक आस्थेने पाहतात.

आजच्या अनुस्वाराची चूक बहुधा व्याकरणाची असते. 'मुलाना खाऊ दिला' असे लिहिणाऱ्याला 'नीट ऐक' सांगून उपयोग नाही, कारण घाईच्या बोलण्यात ते टिंब ऐकू येत नाही. 'एक की अनेक?' एवढे विचारावे. अनेक असतील किंवा आदराने बोलत असू, तर टिंब: मुलांना, घरांपुढे, आजोबांनी. 'असं केलं' आणि 'असे केले' यांविषयी एवढेच सांगावे की पहिले बोलण्याचे रूप आहे आणि संवादात ते योग्यच आहे, फक्त एका परिच्छेदात दोन्ही मिसळू नयेत. रफाराच्या बाबतीत एकच जोडी पुरते: आश्रमातल्या आचार्यांना नमस्कार केला, स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यांना मीठ दिले. मुले हे वाक्य विसरत नाहीत.

आता शनिवारचे श्रुतलेखन. सध्या ती परीक्षा आहे. तिचा धडा करावा. पाच वाक्ये पुरेत, आणि त्यांत गेल्या दोन आठवड्यांत शिकवलेलेच शब्द वेगवेगळे प्रत्यय लावून यावेत. शिक्षकाने नेहमीच्या बोलण्यासारखे वाचावे. 'गरीऽऽब' असे ओढून वाचणे म्हणजे उत्तर सांगणे आहे आणि तसा उच्चार मुलाला पुढे कधीच ऐकू येणार नाही. लिहून झाल्यावर वही लगेच गोळा करू नये. ज्या शब्दाविषयी खात्री नाही, त्याखाली मुलाने पेन्सिलने रेघ मारावी. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलावे आणि कारण देता आले, तरच बदल करावा. त्यानंतर शिक्षकाने फळ्यावर वाक्य लिहावे आणि 'इथे दुसरी का?' असे विचारत जावे. शेवटी जे मूल चुकले, परंतु ज्याने त्याच शब्दाखाली रेघ मारली होती, त्याचे कौतुक न चुकता करावे, कारण कोश उघडण्याची गरज त्यालाच भासणार आहे. शब्दकोश वर्गातच हवा, आणि शिक्षकाला शंका आली तर त्यानेही तो मुलांसमोरच उघडावा. मी तसे असंख्य वेळा केले आहे.

तपासणीविषयी माझे मत काहींना पटणार नाही. प्रत्येक चूक लाल करून देणे मी बंद केले. 48 वह्यांत सगळ्या चुका दुरुस्त करून दिल्या की शिक्षकाचा उत्तम सराव होतो. मूल ती दुरुस्ती वाचत नाही, फक्त लाली किती आहे ते पाहते. त्याऐवजी महिन्याच्या सुरुवातीला मुलांकडून शंभर-एक शब्दांचे मनाचे लेखन घ्यावे आणि चुका वाटून पाहाव्यात: शेवटची वेलांटी किती, प्रत्ययापूर्वीची किती, अनुस्वाराच्या किती, ण-न च्या किती. दिसते ते असे की प्रत्येक मुलाच्या चुका चारी दिशांना नसतात; एक-दोन जातींच्याच पुन्हा पुन्हा असतात, आणि मी, माझा, आहे, आणि, होती, त्यांनी, परीक्षा, सुट्टी अशा रोज लागणाऱ्या शब्दांतल्या चुकाच पान भरतात. त्या महिन्यात एकच जात शिकवावी, तपासताना तीच पाहावी. दुरुस्ती लिहून देऊ नये. ओळीच्या समासात फक्त एक ठिपका द्यावा, म्हणजे या ओळीत काहीतरी आहे, ते तू शोध. आठवड्याला एक तास देण्यापेक्षा रोज दहा मिनिटे द्यावीत, आणि जूनमध्ये शिकवलेले ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतर पुन्हा काढावे. इतिहासाच्या व विज्ञानाच्या शिक्षकांना सगळे पाहायला सांगू नये, तेवढ्या महिन्याची एक जात पाहायला सांगावी. ते आनंदाने पाहतात.

एक सावधगिरी. सहावीतले मूल काना-मात्रा गाळत असेल, अक्षरांचा क्रम उलटवत असेल आणि वाचतानाही अडखळत असेल, तर तो प्रश्न शुद्धलेखनाचा नाही. त्याला वेगळे बसवून वाचनापासून मदत द्यावी, आणि सुधारणा नसेल तर पालकांना विश्वासात घेऊन अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ती होते. अशा मुलाला दहा वेळा लिहून आणण्याची शिक्षा देणे हा अन्याय आहे.

शेवटी तुमच्या त्या आठ ओळींच्या निबंधाकडे येते. 'आमची सहल' या विषयावर एका मुलीने मला लिहून दिले होते: 'तिथे खूप मोठे पाणी होते.' ती रोज दादरच्या चौपाटीवर खेळायची. मी विचारले, समुद्र का लिहिले नाहीस? ती म्हणाली, 'बाई, द्र कसा काढायचा ते पक्के नव्हते आणि तुम्ही गोल करता.' माझ्या लाल गोलाने तिच्याकडून समुद्र काढून घेतला होता. मुले थोडे लिहितात ती कंटाळ्याने नव्हे. खात्रीच्या शब्दांपलीकडे जाण्याची त्यांना भीती वाटते. म्हणून निबंधाचे गुण आधी आशयाला द्यावेत आणि लेखननियमांचे गुण वेगळे, फक्त त्या महिन्यात शिकवलेल्या गोष्टीपुरते ठेवावेत. शब्द हवा असेल आणि खात्री नसेल, तर तो लिहायचा आणि खाली पेन्सिलने रेघ मारायची, अशी सवलत मुलांना पहिल्याच दिवशी जाहीर करावी. त्या मुलीच्या पुढच्या निबंधात समुद्र होता, खडक होता, क्षितिजही होते. तिन्ही शब्दांखाली रेघा होत्या, आणि क्षितिज तिने 'क्षितीज' असे लिहिले होते.